चीक न लागलेलं पातं

गल्लीत त्यांना सपाटकाका म्हणत. खरं नाव लाईटबिलावर होतं, आणि तिथून ते बाहेर पडायचा प्रसंग फारसा येत नसे. कुणाच्या परसात गवत कंबरेला लागलं, काटेरी झुडपानं पाण्याचा मीटर गिळला, की काकांना निरोप जाई. काका सकाळी येत, पँटचे पाय मोज्यांत खोचत, पिशवीतून कोयता काढत, आणि संध्याकाळी परस सपाट.

त्याआधी एकवीस वर्षं ते शर्टांच्या कारखान्यात कटर होते. कापडाचे ऐंशी थर एकावर एक आणि वर खडूची रेघ. रेघ चुकली की ऐंशी माणसांची बाही एकदम आखूड. त्यामुळे आपल्याला चुकायची सवयच लागली नाही, असं ते सांगत. कारखाना बंद पडला तेव्हा हाताला कापण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

"कापड काय नि झाड काय," ते बायकोला म्हणाले.

"कापड चावत नाही," बायको म्हणाली.

पहिल्याच आठवड्यात गांधीलमाशा चावल्या आणि दोन दिवस घरात कुणी वेगळेच गृहस्थ वावरत होते. पण काका शिकले. मऊ गवताला आडवा हात, जून खोडाला तिरका घाव. घाव चुकला तर पात्यानं कुठं जायचं ते आधी ठरवायचं, आणि तिथं आपला पाय नाही हे बघायचं. खुंट जमिनीलगत ठेवायचा, नाहीतर तो चपलेतून वर येतो. आणि वेल असेल तर घाव घालण्याआधी टोकानं साल खरवडायची. पांढरा चीक आला तर रानवेल, खुशाल तोडा. नाही आला तर हात मागे. हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, कुणी विचारलेलं नसलं तरी.

कोपऱ्यावरच्या घरात सिस्टर राहत. छत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या, आणि अजूनही समोरच्याला उताणं झोपवून बोलावं तशा बोलणाऱ्या. गल्लीतली निम्मी कामं काकांना त्यांच्या शब्दावर मिळत. त्यांच्या मागच्या भिंतीवर चमेली होती. निवृत्तीच्या दिवशी वॉर्डातल्या आयांनी एनॅमलच्या बेसिनमध्ये रोपटं लावून दिलं होतं. बाकी मिळालेली चार भिंतीवरची घड्याळं सिस्टरांनी वाटून टाकली, चमेली ठेवली. यंदा तिला रानवेलीनं असा विळखा घातला होता की फुलं शोधावी लागत.

काका आले तेव्हा सिस्टर खुर्ची टाकून बसल्या. दोन्ही वेलींची खोडं वीतभर अंतरावर जमिनीतून वर आली होती. दोन्ही अंगठ्याएवढी, दोन्हींची साल मळकट.

"काका, भिंतीकडची तोडा."

"बघतो."

"बघता काय, भिंतीकडची. ही अलीकडची माझी आहे."

"सिस्टर, मी कधी तुमच्या सुईला हात लावला?"

"म्हणूनच दंड शाबूत आहे तुमचा. भिंतीकडची."

एवढं सांगून सिस्टर चहा टाकायला आत गेल्या, आणि काकांचं टाळकं सटकलं. अलीकडचीच रानवेल असं मनाशी ठरवून, साल न खरवडताच त्यांनी त्या खोडावर घाव घातला. एकच. कापलेल्या खुंटात खाच पाडून मूठभर मीठ दाबलं, म्हणजे पुन्हा फुटायला नको, आणि वर माती लोटली. वरचा पसारा तसाच भिंतीवर ठेवला. तो त्यांचा शिरस्ता होता. हिरवी वेल ओढली तर सोबतचीही फाटते. चार दिवस वाळू द्यायची, मग ती आपसूक सुटते.

"भिंतीकडचीच तोडलीत ना?" सिस्टरांनी बाहेर येऊन विचारलं.

"रानवेल तोडली," काका म्हणाले आणि चहा न घेता निघाले.

जेवण झाल्यावर ते अंगणात कोयता पुसायला बसले. रानवेलीचा चीक पात्यावर चढतो, वाळून काळा होतो आणि रॉकेल लावून घासल्याशिवाय जात नाही. काकांनी रॉकेल काढलं, चिंधी काढली, पातं उन्हात धरलं. पातं स्वच्छ होतं.

त्यांनी पुन्हा बघितलं. बोट फिरवलं. चिकट काही नाही.

"सकाळचं काम झालं का?" बायकोनं आतून विचारलं.

"झालं."

झालं ते इतकं पक्कं झालं होतं की मुळाशी मीठ होतं. वरच्या फांद्या अजून ताज्या होत्या. तीन दिवसांनी पानं मान टाकतील, सिस्टर म्हणतील यंदा ऊनच भारी, आणि काकांनी फक्त मान डोलवायची. कुणी बघितलं नव्हतं. पण फांद्या हिरव्या आहेत तोवरच त्यांच्या काड्या लावता येतील, आणि काड्या हव्यात तर सिस्टरांच्या दारात उभं राहून ते वाक्य बोलावं लागणार. काकांनी स्वच्छ पातं बराच वेळ घासलं. साडेचारला चपला घातल्या.

सिस्टरांनी दार उघडलं.

"काय विसरलात?"

"तुमची तोडली," काका म्हणाले. "अलीकडची. मीठही घातलंय."

सिस्टरांनी विचारलं, "कितीला तोडली होती?"

"साडेदहा."

"म्हणजे सहा तास. अजून काय करता येतं?"

"काड्या लावता येतील. आत्ताच्या आत्ता."

"मग दारात उभं राहून मला काय सांगताय? चला."

कोयत्यानं काड्या कापता येत नाहीत, चिरडतात. सिस्टरांनी शिवणाच्या डब्यातली कात्री दिली. काकांनी पेन्सिलीएवढ्या सोळा काड्या निवडल्या, प्रत्येकीवर तीन-चार डोळे. सिस्टरांनी पानं काढली आणि काड्या ओल्या वाळूत ओळीनं खोचल्या, वॉर्डातल्या खाटांसारख्या. मग खुंटावरचं मीठ उकरून बादलीभर पाणी ओतलं. त्याचा उपयोग होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

"तीन दिवस गप्प बसला असतात तर मी उन्हालाच बोलले असते," सिस्टर म्हणाल्या.

"ते डोक्यात आलं होतं."

"येणारच. आमच्याकडे चुकीचं औषध गेलं तर त्याच पाळीत सांगायचा नियम होता. निम्म्यांच्या डोक्यात तेच यायचं."

भिंतीकडची वेल तोडायची राहिलीच होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुन्हा आले. सिस्टर खुर्ची टाकून बसल्या. काकांनी साल खरवडली. पांढरा थेंब आला. त्यांनी बाजूला होऊन सिस्टरांना तो नीट दिसू दिला आणि मग घाव घातला.

सोळापैकी तीन काड्या जगल्या. खुंट काही फुटला नाही. दोन काड्या त्याच भिंतीपाशी लागल्या, तिसरी त्या एनॅमलच्या बेसिनमध्ये. फुलं यायला अजून दीड-दोन वर्षं जातील.

काकांची कामं काही कमी झाली नाहीत. सिस्टर अजूनही त्यांचंच नाव सांगतात. पुढं एवढंच जोडतात, "माणूस चांगला आहे. फक्त समोर बसून राहा." त्यामुळे आता प्रत्येक परसात एक खुर्ची येते, तिच्यावर घरचं कुणीतरी बसतं, आणि एका दिवसाच्या कामाला काकांना दीड दिवस लागतो.