डोमा कोतवालाच्या मुलाची नोंद

वर्ध्याच्या एस.टी.त मला बसवून दिल्यावर दादाने खिडकीतून पाण्याची बाटली आत सरकवली. "पोचली का फोन करजो. इसरजो नको." बाबा मागे खांबाला टेकून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "शिकली असती तर एवढ्या दूर जा लागलं नसतं." मी आठवीत शाळा सोडली ती आई गेल्यावर घरात रांधायला कोणी उरलं नाही म्हणून, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. बाभुळगाव दिसेनासं होईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते.

तुमच्यापैकी जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या दोघांनाही हे सांगायचं आहे. मी तिरुप्पूरला होजियरीच्या कंपनीत चेकिंगला आहे. काचेच्या टेबलाखाली दिवे असतात, वरून बनियनचं कापड सरकतं, भोक किंवा सुटलेला टाका दिसला की खूण करायची. बारा वर्षं हेच. अर्धं तमिळ, अर्धं हिंदी बोलते. सुपरवायझर "सीक्रम, अक्का, सीक्रम" म्हणाली की हात आपोआप लवकर चालतात.

गेल्या उन्हाळ्यात दादाच्या मुलीचा, प्रज्ञाचा, नर्सिंगला नंबर लागला. जागा राखीव होती. जात पडताळणीचं प्रकरण मुदतीत पुरं नाही केलं तर जागा जाणार. त्यासाठी पन्नास सालाच्या आधीचा कागद हवा. बाबांच्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे, जात नाही. आजोबा, म्हणजे सखाराम, शाळेची पायरीच चढले नाहीत. राहिलं कोतवाल बुक, गावातल्या जन्ममृत्यूची जुनी वही. ती मोडी लिपीत. दादाने पानांचे फोटो मिळवले, पण यवतमाळच्या ज्या निवृत्त गुरुजींना मोडी येते त्यांच्याकडे पाळी तीन आठवड्यांनंतरची होती. मुदत त्याआधीच संपत होती.

मी म्हणाले, फोटो मला पाठव. काहून म्हणाले कोण जाणे.

गुरुजींचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मोडीच्या अक्षरांचा तक्ता मला फोनवर पाठवला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही चाळा. सापडलं तर मी मधेच तपासून देतो." आठवीत शाळा सुटलेल्या बाईला कोणी असं म्हणालं नव्हतं.

मोडीत आधी आडवी रेघ शेवटपर्यंत ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जातात. शब्द कुठे संपला ते कळत नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला सारून मी दोनच शब्द बोटाने गिरवायचे. एक पणजोबांचं नाव, डोमा. दुसरा, महार. दीक्षेनंतर हा शब्द आमच्या घरात कोणी तोंडातून काढायचा नाही. "ते आपण टाकून आलो," बाबा म्हणायचे. बाबा आता नाहीत. असते तर हे त्यांना कसं सांगितलं असतं, मला सुचत नाही.

डोमा पहिल्याच पानावर सापडले. दुसऱ्यावरही. मग प्रत्येक ओळीत. खबर देणार डोमा कोतवाल, निशाणी अंगठा. माझे पणजोबा गावचे कोतवाल होते हे मला तेव्हा कळलं. मी लगेच गुरुजींना पाठवलं. ते म्हणाले, "हे फक्त खबर देणारे झाले. इथं जात नाही, नातं नाही. यांच्या मुलाचा जन्म शोधा. मुलाचं नाव नसतं, बापाच्या नावापुढे नुसतं 'मुलगा' असतं."

अकरा दिवस शोधलं. अख्ख्या गावाची पोरं त्यांच्या अंगठ्याने नोंदली गेली, स्वतःचा एकुलता एक सखाराम मात्र नाही. दादा फोनवर म्हणाला, "दुनियेची खबर देत हिंडला अन् घरचीच द्याची राह्यली असन. सोड आता." चार दिवस उरले होते. त्या दिवशी मी टेबलावर कापडातलं हाताएवढं भोक सोडलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरची ओडिशाची संध्या रजा मागायला गेली. सातवा लागला होता. "पहला है ना दीदी, माँ के घर जाऊँगी." मी खूण करायचा खडू हातात धरून तशीच उभी राहिले. माझं सासर गावातच, तरी माझी मोठी मुलगीही दादाच्या घरी झाली होती, वहिनीने माझं सगळं केलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हे आमच्या घरच्या कुठल्याच माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

पांढरकवड्याच्या आत्याला तिथूनच फोन लावला.

"आत्या, तुह्या आजीचं माहेर कोणतं?"

"मेली ते मी लहान होती तवाच. आता कायले पाह्यजे?"

"सांग ना."

"सावरगाव. इकडंच, केळापूरच्या बाजूनं. तुह्या दादाले नसन ठाऊक. मानसायले सासरचं जेवण ध्यानात राह्यते, गाव नाही."

दादा दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटारसायकलने पांढरकवड्याच्या तहसील कचेरीत सावरगावची वही पाहायला गेला. दुपारी फोटो आले. चौथ्या फोटोत, खालच्या बाजूला, ते वळण दिसलं. डोमा वल्द गणू, पुढे आमच्या गावाचं नाव, मग तो शब्द, मग मुलगा. खबर देणार, मुलीचा बाप.

माझा स्वतःवर विश्वास बसेना. डोळे थकले की नसलेली भोकंही दिसतात, हे मला बारा वर्षांत कळलेलं आहे. म्हणून गुरुजींना ओळ सांगितलीच नाही, फक्त पान पाठवलं आणि लिहिलं, यात आमचं काही आहे का पाहा. फोन कापडाखाली ठेवला. सहा ताके तपासून झाले. मग त्यांचा निरोप आला. "खालून तिसरी ओळ. डोमा वल्द गणू. आनंद नंतर करा, आधी सही-शिक्क्याची नक्कल घ्या."

दादाने नक्कल घेतली, गुरुजींनी लिप्यंतर करून दिलं आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी प्रकरण पुरं झालं. प्रमाणपत्र आलं. प्रज्ञा आता नागपूरच्या होस्टेलला आहे.

सावरगाव आमच्यातल्या कोणीही पाहिलेलं नाही. तिथला एक म्हातारा मुलगी बाळंत झाली म्हणून खबर द्यायला गेला आणि त्याने जावयाचं गाव नीट सांगितलं. तेवढ्यावर आमची पोर शिकते आहे. पूर्वी मला वाटायचं, आपण निघालो म्हणजे गावाच्या कागदातून गेलो.

माझा धाकटा इथे तिरुप्पूरच्या दवाखान्यात झाला. त्याचा दाखला तमिळमध्ये आहे, मला एक अक्षर कळत नाही, आणि इतकी वर्षं तो मी न वाचताच ट्रंकेत ठेवला होता. परवा शेजारच्या अक्काला म्हटलं, कायमच्या पत्त्यापुढे काय लिहिलंय ते बोट ठेवून वाच. तिने अडखळत वाचलं. बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ.