न धुतलेली माती

चेन्नईला निघाले त्या सकाळी मामंजी, म्हणजे माझे सासरे, एसटीच्या खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "पोरी, तिथं केर टाकू नको." शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सून परमुलखात चाललीय आणि हे केराचं सांगतात. मी लाजून खाली बघितलं. ते का म्हणाले, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

आमच्या घरचा धंदा गलाईचा. सोनारांकडचं जुनं, मोडकं सोनं भट्टीवर वितळवून शुद्ध करायचं. माझं माहेर शेतकऱ्याचं, शाळा चौथीपर्यंत, मला यातलं काही माहीत नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी पुढचा सोपा लख्ख झाडला आणि केर उकिरड्यावर टाकून आले. गलाईवाल्याच्या केरात सोन्याचे कण असतात, तो साठवून धुवायचा असतो, हे नंतर कळलं. मामंजी रागावले नाहीत. चाळण घेऊन दुपारपर्यंत उकिरड्यावर बसले. उठताना म्हणाले, "गल्लीला एक दिवस श्रीमंत केलंस."

ते घर मुळात आमचं नव्हतं. एका कासाराचं होतं. परसात खणलं की अजून फुटक्या बांगड्यांच्या हिरव्या, लाल काचा निघतात. त्याच्या माळा टांगायच्या खुंट्यांना मी ओल्या साड्या अडकवायचे. मामंजींनी घर घेतलं आणि सोप्याच्या कोपऱ्यात भट्टी बांधली. जमीन मातीचीच ठेवली. ती मी दर आठवड्याला सारवायचे. कितीही झाडलं तरी काही कण त्या थरांखाली जातच राहिले असणार.

इथे चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या एका गल्लीत आमचं गलाईचंच दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. पहिलं वर्ष मी भाजीवालीला बोटानं दाखवून भाजी घेतली. आता तिच्याशी तमिळमध्ये भांडून कढीपत्ता फुकट आणते. मुलगी वेलचेरीला राहते, शोळिंगनल्लूरला नोकरीला जाते. ती म्हणते, "आई, तू मराठीत हळू बोलतेस आणि तमिळमध्ये जोरात." खरं आहे. मराठीत मी सून आहे. तमिळमध्ये मी कुणाचीच सून नाही.

मामंजी गेले आणि घराला कुलूप लागलं. गावातच माझ्या दिरांनी नवं घर बांधलं. यंदा पोंगलच्या आधी त्यांचा फोन आला. शेजाऱ्याला आमची जागा हवी होती, पाडून गोदाम करायला. "दादा, बंद घर किती दिवस राखायचं?" ह्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. हे "बरं, बघ" म्हणाले. ह्यांचं बरं म्हणजे होच असतं. मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते. घरादाराच्या गोष्टीत मी आजवर तोंड उघडलेलं नाही. पण आता गप्प बसले तर कायमचं गेलं.

मी म्हटलं, "भाऊजी, सोप्यातली माती धुतली का?"

गलाईवाला जागा सोडतो तेव्हा जमीन खणून माती धुऊन नेतो. त्याशिवाय जागा सुटली असं आमच्यात कुणी मानत नाही.

"नाही धुतली, वहिनी."

"मग आपण ते घर सोडलंय कुठं?"

भाऊजी म्हणाले, "दादा, वहिनी बोलतात होय?"

हे हसायला लागले. "तमिळमध्ये बोलते. मराठीत आज सापडली."

घर विकलं नाही. मे महिन्यात जाऊन आम्ही कौलं बदलली. आता तिथं दवाखान्यातली एक नर्स भाड्यानं राहते. सोप्यात फरशी घालायची नाही, एवढीच माझी अट. तिलाही सारवायला आवडतं म्हणाली.

इथलं दुकान मीच झाडते. केराचा डबा खाटेखाली असतो. परवा हे म्हणाले, "म्हातारपणी गावी जायचं तर आधी ही जमीन उखडून धुवावी लागेल."

मी शेगडीकडे तोंड करून म्हटलं, "जाऊ गावाला. पण इथलीही धुऊ नका."