टेकडीवर सोबत कोणीतरी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर एकच प्रश्न विचारत आलोय — "त्या दिवशी पोट साफ होतं का?" त्यावरून माझा असल्या गोष्टींवर किती विश्वास, ते कळलं असेल. तरीही हे लिहितोय. नाव सांगत नाही, ऑफिसात अजून तोंड दाखवायचंय.

फोनमध्ये आताशा सेन्सर यायला लागलेत. आमची कंपनी त्यावर एक सॉफ्टवेअर बनवतेय. फोनवाला माणूस बसलाय की चालतोय, एकटा आहे की कोणाबरोबर, हे फोनला बसणाऱ्या हिसक्यांवरून आणि आजूबाजूच्या आवाजावरून ओळखायचं. खात्री कधीच नाही, नुसता अंदाज. चाचणीसाठी एक फोन मी वापरत होतो, दुसरा बायकोच्या पर्समध्ये. फुकटात एवढी नियमित चालणारी बाई कुठे मिळणार?

सुनंदा रोज संध्याकाळी बिबवेवाडीहून तळजाईच्या टेकडीवर जाते. मी तेव्हा हिंजवडीत, स्क्रीनपुढे. एकदा तिच्या फोनचा अंदाज उमटला — 'चालत आहे. सोबत कोणीतरी.'

असेल एखादी मैत्रीण. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही... आणि घरी तर म्हणते, एकटीच जाते. माझ्या डोळ्यांपुढे पांढऱ्या बुटांतले, सपाट पोटाचे रिटायर्ड गृहस्थ यायला लागले. मी आरशापुढे पोट आत घेऊन पाहिलं. फार वेळ राहिलं नाही.

"टेकडीवर कोण असतं गं बरोबर?" जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुत्री असतात."

"आणि माणसं?"

"तुमच्या मशीनला विचारा. त्याला सगळं कळतं ना?"

शेवटी एक दिवस फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, दात दुखतोय म्हणून सांगितलं आणि तिच्या मागोमाग टेकडी चढलो. बरोबर कोणी नव्हतं. पण ती वाटेच्या अगदी कडेने चालत होती, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मध्येच हसून म्हणाली, "हळू चला हो, दम लागतो."

दम खरं तर मला लागला होता. तो ऐकूनच तिने वळून पाहिलं.

"हे काय, तुम्ही इथे?"

"तू कोणाशी बोलत होतीस?"

"तुमच्याशीच. लग्न झालं तेव्हा म्हणाला होतात, रोज टेकडीवर येऊ. तुम्ही आला नाहीत म्हणून मी बोलायचंही नाही का?"

ओशाळलो, पण जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी टीममधल्या अनघाला म्हटलं, बघ तुझं सॉफ्टवेअर, एकट्या बाईला सोबत दाखवतंय. तिने सुनंदाच्या फोनचं आधीच्या आठवड्याचं रेकॉर्डिंग लावलं, मी खुर्चीत बसून होतो त्या दिवसांचं.

"सर, दुसरी पावलं आहेत की. आणि ती जुळतायत."

"कोणाशी?"

"तुमच्याशी. उजवा पाय जरा ओढता ना तुम्ही, तसाच ओढतोय."

तेव्हापासून मी लवकर निघतो आणि सुनंदाबरोबर टेकडी चढतो. अगदी खेटून. तिचा फोन म्हणतो — 'चालत आहे. एकटी.'

अनघा म्हणते, सेन्सर आहे, चुकायचाच. असेलही. मला तरी दुसरं काही सुचलेलं नाही. पण त्या दुसऱ्याचा हेवा काही जात नाही. काल चढावर मी धापा टाकत गप्प चालत होतो, आणि सुनंदा एकदम हसली... माझ्याकडे नाही, पलीकडच्या बाजूला बघून.