बोर्डावर लग्न, भाषण चाम लोकांचं

“शोभा, ते नाव बोर्डावरून काढ. आत्ताच्या आत्ता.”

आमचा जनरल मॅनेजर फ्रँक माझ्या टेबलापाशी घामाघूम उभा. ऐंशीच्या दशकात मी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर होते. म्हणजे लग्न असो की परिषद, हॉल, खुर्च्या, जेवण सगळं मी बघायची. त्या आठवड्यात आमच्याकडे मानवी हक्कांची आंतरराष्ट्रीय परिषद होती. अडचण आली ती कोणीतरी खरोखर हक्क मागायला आल्यामुळे.

कुठल्या हॉलमध्ये काय आहे, हे लॉबीतल्या फंक्शन बोर्डावर लिहितात. त्यावर होतं, ‘चाम अल्बेनियन : आमची बाजू’. हॉल डेट्रॉइटच्या रेशत नावाच्या म्हाताऱ्याने घेतलेला. चाम म्हणजे ग्रीसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मुसलमान अल्बेनियन. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला त्यांना तिथून हुसकावलं. घरं गेली, गावं गेली. तेव्हापासून हे लोक परिषदांच्या दारात उभे, आणि अजेंड्यावर जागा नाही. परिषदेच्या अहवालात आपल्या माणसांविषयी एक ओळ यावी, एवढंच रेशतचं मागणं होतं.

फ्रँकच्या मागे परिषदेचा प्रोटोकॉल ऑफिसर होता, म्हणजे मानपान आणि शिष्टाचार सांभाळणारा.

“या रेशतने सगळ्या देशांच्या डेलिगेट्सना बोलावलंय,” ऑफिसर म्हणाला. “ कोणी दुखावलं तर?”

“कोणी तक्रार केली का?”

“अजून नाही. पण करतील.”

मी नागपूरची, आंबेडकरी घरातली. ‘आत्ता नको, वाद होईल’ हे आमच्या घरात तीन पिढ्यांनी ऐकलेलं. डोकंच फिरलं माझं. पण हॉटेलात डोकं फिरलं तरी तोंड हसतं ठेवावं लागतं.

“सोशल फंक्शन असेल तर चालेल?” मी विचारलं.

“बारसं, लग्न? अगदी आनंदाने,” ऑफिसर म्हणाला.

मी रेशतला सांगितलं, “बोर्डावर नुसतं लग्न लिहिते. आत काय बोलायचं ते बोला.”

म्हातारा भडकला. “लग्नाच्या नावाने खोटं? आमच्यात नाही चालत. लग्न लिहिलंस तर लग्न होईल!” नातीचं लग्न पुढच्या महिन्यात डेट्रॉइटला ठरलेलं होतं. त्याने माझ्याच फोनवरून तिला ते परवावर, आमच्या हॉलमध्ये आणायला सांगितलं. पोरगी अमेरिकेत जन्मलेली. पलीकडून तिचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. “ग्रँडपा, यू आर क्रेझी!” मग हसली, आणि बँड मी निवडणार म्हणाली. झालं. दोन बस भरून वऱ्हाड आलं, आणि माझ्या किचनची तारांबळ उडाली.

गंमत म्हणजे डेलिगेट्सही आले. सभेला जायला त्यांना आपापल्या सरकारची परवानगी लागते, लग्नाला कसली? कोकरू भरपूर चापलं. प्रोटोकॉलवाले तर वऱ्हाडाचा हात धरून गोल नाचत होते.

मग रेशत टोस्टला उभा राहिला. रिवाज असा, की यजमान ‘गेझुआर’, म्हणजे आपलं ‘चिअर्स’, म्हणेपर्यंत पाहुण्यांनी ग्लास वर धरून उभं राहायचं. रेशतने वधूवरांना आशीर्वाद दिला, आणि ‘गेझुआर’ काही म्हटलं नाही. त्याने गाव सांगितलं. शेजाऱ्यांची नावं सांगितली, एकेक. सीमा ओलांडताना वाटेत आई गेली, तिला कुठे पुरलं तेही आता आठवत नाही म्हणाला. डेलिगेट्सचे हात भरून आले होते, पण ग्लास खाली ठेवायची कोणाची टाप नव्हती. एका बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. माझ्याही.

शेवटी तो म्हणाला, “गेझुआर.” सगळे घटाघटा प्याले.

परिषद संपली तेव्हा मी अहवाल मागून घेतला. उलटापालटा करून पाहिला. चामांविषयी एक अक्षर नव्हतं. उलट प्रोटोकॉल ऑफिसरने मला चिठ्ठी धाडली, लग्न फार छान झालं. डिप्लोमॅट लोकांचं एक मला कळलं. ग्लास हातात असेपर्यंत ते सगळं ऐकतात. लिहायला हात मोकळा लागतो.

रेशतला मी फोन करून सांगितलं.

“सगळ्यांनी ऐकलं ना?” त्याने विचारलं.

“ऐकलं.”

“आणि लिहिलं कोणीच नाही?”

“कोणीच नाही.”

तो म्हणाला, “अजून दोन नाती लग्नाच्या आहेत माझ्या. पुढची परिषद कधी आहे?”