आत्याच्या पायावरची रेघ

आमच्या आत्याचा उभा जन्म लॉन्ड्रीत लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात गेला. डाग दिसला की तिचे हात शिवशिवायचे. जखम चिघळून तिची पोटरी लालभडक सुजली, म्हणून तिला हॉस्पिटलात भरती केलं. डॉक्टरांनी लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढली.

"लाली रेघेबाहेर गेली, की हे अँटिबायोटिक लागू पडत नाही असं समजायचं. मग दुसरं देऊ."

सकाळी अंग पुसताना आत्याने रेघ साबणाने घासून काढली. "माझा पाय म्हणजे काय पाटी आहे?"

राउंडला दुसरेच डॉक्टर आले. रेघ दिसेना, म्हणून त्यांनी लाली पोचली होती तिथून नवी ओढली. मग रोज तेच. ही पुसायची, ते ओढायचे. रेघ ओढायला सगळे हुशार. कालची कुठे होती, हे विचारायला एकालाही तोंड नव्हतं. मी बोललो, तर "डॉक्टर तुम्ही की आम्ही?" लाली गुडघा ओलांडून मांडीवर चढली, औषध मात्र तेच.

आत्या गेली. तिला शेवटची अंघोळ घालताना बहिणीने मांडीवरची रेघ पुसायला साबण उचलला. मी तिचा हात धरला.

"राहू दे. लाली अजून रेघेच्या आतच आहे."