पंख्याखालची जागा

“मॅडम चाचाचा जबाब घेईन? अरे, मॅडमच्याच तोंडातून शब्द काढाले वारंट लागते!”

जमादार पुढच्या खोलीत बोलत होते आणि मी मागच्या दाराशी. हसणारे दोघे-तिघे असावेत. मी हसणे संपेपर्यंत थांबले, मग बुटांचा आवाज करत आत गेले. जमादारांनी उठून कडक सलाम ठोकला. माझ्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणे मी विसरले, पण हे प्रकरण या वाक्यासकट डोक्यात राहिले आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर कुणी जुन्या गोष्टी विचारल्या की हीच आधी वर येते.

मी तेव्हा नवी फौजदार होते, पहिलीच नेमणूक, अकोल्यात रुजू होऊन दोन महिने झालेले. वाढले अमरावतीच्या कॅम्प भागात, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात बोलणे बेताचे. वऱ्हाडी मला सगळी समजायची, पण बोलताना जीभ अडायची. शुद्ध बोलले की ठाण्यात लोक माझ्याकडे बातम्या ऐकल्यासारखे पाहायचे. म्हणून मी कमी बोलायचे आणि जास्त पाहायचे.

आदल्या दिवशी ठाण्यात फोन आला होता. आवाज बाईचा, नाव सांगितले नाही. “त्या गणवेशाच्या कारखान्यात जाऊन पाहा. सरकारी पगारावर नाव एकीचं हाय, अन् मशीनवर बसते दुसरीच.” एवढे बोलून फोन ठेवला. स्टेशन डायरीला नोंद झाली आणि चौकशी माझ्याकडे आली.

त्या वर्षांत वऱ्हाडात शेतीतून हाती काही राहत नव्हते आणि सरकार एकामागून एक योजना आणत होते. त्यातली एक अशी होती : लहान धंदेवाल्याने शिकलेल्या बेकार मुलामुलींना कामावर घ्यायचे आणि काम शिकवायचे. सुरुवातीचे काही महिने त्यांच्या पगाराचा मोठा वाटा सरकार भरणार. मुदत संपली की मालकाने त्यांना स्वतःच्या पगारावर ठेवायचे. योजनेत वाईट काही नव्हते. पण पोलिसाला तक्रार मिळाली की तो आधी वाईटच धरून चालतो. ठाणेदार साहेबांनी तर तक्रार ऐकताच निकाल दिला, “बोगस कामगार. सरळ फसवणूक. उद्या संध्याकाळपर्यंत मालक आत पाहिजे.” एका बातमीदाराला त्यांनी तसे सांगूनही टाकले होते.

जमादारांना घेऊन मी कारखान्यावर गेले. कारखाना म्हणजे जुन्या शहरातले एक गोदाम. शिलाईच्या मशिनी ओळीने मांडलेल्या, शाळेच्या निळ्या-पांढऱ्या कापडाचे ढीग, छताला तीन पंखे आणि त्यांतला एकच धड फिरणारा. मालक पिढीजात शिंपीकाम करणारे मुसलमान गृहस्थ, पांढरी दाढी, गळ्यात मापाची पट्टी. सगळ्या बाया त्यांना चाचा म्हणत.

मी योजनेतली नावे घेत गेले. प्रत्येक नावाला कुणीतरी “हजर” म्हणाले. एकही जागा रिकामी नव्हती. एका नावाला कानशिलावर पांढरे केस असलेली बाई उभी राहिली.

“वय?” मी विचारले.

“वीस.”

“कोणत्या साली वीस होती, मावशे?” जमादार म्हणाले. अख्खे गोदाम हसले. मावशीही हसली, पण वीसवर ठाम राहिली.

धड फिरणाऱ्या पंख्याखाली एक तरुण बाई काज करत होती. बाजूला खांबाला बांधलेल्या झोळीत तिचे बाळ झोपले होते. तिचे वय सांगितल्याशी जुळत होते. मी तिच्या मागे गेले आणि तिने सांगितलेल्या नावाने तिला साध्या आवाजात हाक मारली. ती काज करतच राहिली. पुन्हा हाक मारली. शेवटी शेजारणीने तिला कोपर मारले, “अवं, तुले बोलावून राहिली मॅडम!”

“हो का? काय, मॅडम?” ती दचकून म्हणाली.

प्रत्येक जण खोटे बोलत होता आणि कुणालाही ते धड जमत नव्हते. सराईत चोराचे खोटे ऐकायला त्रास होत नाही, त्याने त्यावर मेहनत घेतलेली असते. या बायांचे खोटे ऐकून माझे डोके दुखायला लागले.

चाचांना ठाण्यात आणले. जमादारांनी टेबल बडवले, आवाज चढवला, कोठडीचे दार उघडून दाखवले. चाचांचे एकच पालुपद. “साब, जिसका नाम हाय, वोच बैठी हाय. गिनती कर लो. एक बी कम निकली तो मेरेकू अंदर डालो.”

“गिनती नाही विचारत, चाचा. ती बाई कोण आहे?” मी विचारले.

“वोच हाय, बेटा.”

“तिला स्वतःचे नाव ऐकू येत नाही?”

“मशीन का आवाज रहता ना.”

ठाणेदार साहेबांनी घड्याळ पाहिले. “मॅडम, उद्या दुपारपर्यंत कागद पूर्ण करा. मग अटक.” चाचांना रात्री घरी सोडले, पण सकाळी हजर राहायचे सांगून. अटक म्हणजे कारखान्याला कुलूप आणि त्या सगळ्या बाया घरी. हे मलाही कळत होते आणि टेबलासमोर हात जोडून बसलेल्या चाचांनाही. तरी ते खरे सांगायला तयार नव्हते. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे बघायचे टाळले.

बायकांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरी जावे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी पातूर रोडवरच्या त्या गावात गेलो, जिथे पंख्याखालच्या बाईने सांगितलेल्या नावाची मुलगी राहत होती. घराला कडी होती. शेजारची म्हातारी म्हणाली, “पोरगी वावरात हाय. पऱ्हाटी उपटून राहिली.”

वेचणी केव्हाच संपली होती. कापसाची वाळलेली झाडे उपटून शेत मोकळे करायचे काम चालू होते. मी बांधावरून तिच्या नावाने हाक मारली. ती तिथल्या तिथे वळली. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, बारावी पास, उन्हाने चेहरा रापलेला.

मी ओळख सांगायच्या आत ती म्हणाली, “आले तुमी? फोन म्याच केला होता. एसटी स्टँडवरच्या डब्यातून.”

दोन दिवसांत मला मिळालेले हे पहिले सरळ उत्तर होते.

तिने सगळे सांगितले. नोकरी तिलाच लागली होती. दिवाळीपर्यंत ती गेली, काज-बटन शिकली, कॉलर लावायला शिकली. मग कापूस फुटला. वेचणीची मजुरी वजनावर, आणि हिचा हात घरात सगळ्यांत चपळ. आई म्हणाली, तू वेचायला चल. वहिनी बाळंतीण, तिला ऊन सोसत नव्हते. ती सावलीत जाऊन बसेल. वहिनी हिच्या जागी कारखान्यात जाऊ लागली.

“चाचांनी विचारले नाही?”

“काय पुसन? वेचाले मुकादम नाव पुसते का? घरातून किती बाया आल्या ते मोजते. चाचानं बी तसंच मोजलं. आमच्या घरातून एक पाह्यजे होती, एक गेली.”

“मग वेचणी संपल्यावर?”

“तेच तं! वैनी उठतच नाही. पंखा हाय, चहा भेटते, लेकरू झोळीत झोपते. मी म्हनलं, जागा माही हाय. तं आई म्हनते, पगार घरातच येते ना, तुले काय करा लागते? मॅडम, चाचा म्हने का मुदत झाली का कायम करीन. कोनाले कायम करीन? मले का वैनीले? अजून तं मले पँट शिवाची शिकाची राहिली.”

“म्हणून फोन केलास?”

“मले वाटलं पोलीस येईन, वैनीले उठवीन अन् मले बसवीन.”

जमादार माझ्या मागेच उभे होते. ते म्हणाले, “बाई, आमी चाचाले उचललं.”

तिच्या हातातली पऱ्हाटी गळून पडली. “चाचाले? काहून? त्याईनं काय केलं?” आणि मग, अगदी हळू, “कारखाना बंद होईन का?”

परतताना जीपमध्ये मी चिडलेली होते, आणि कुणावर ते ठरत नव्हते. रोजगार कार्यालयाचा निरीक्षक येऊन डोकी मोजून गेला होता. डोकी बरोबर भरली, त्याचे समाधान झाले. घरच्यांनी पगार मोजला. तोही बरोबर भरला. आम्ही आरोपी मोजायला निघालो होतो.

ठाण्यात चाचांसमोर मी मुलीचा जबाब वाचला. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“कपास फुटल्यावर मी कोन्या बाईले अडवू, बेटा? अडवलं तं घर उपाशी, नाही अडवलं तं मशीन बंद. जिच्या घरातली गेली, तिच्याच घरातली आली. पगार पूरा देल्ला, पुसून घ्या. नाम बदला बोलता तो सरकार पगार बंद करती.”

“हे काल का नाही सांगितले?”

“आप पुलिस हो ना.”

मी जमादारांना पुन्हा जीप काढायला सांगितली.

मी इतर घरांचेही जबाब घेतले. सगळीकडे तेच : वेचणी, घरातून बदली बाई, पगार पूर्ण मिळाला. वीस वर्षांची मावशी एका मुलीची आत्या निघाली. मी अहवाल लिहिला की फसवून पैसा खाल्ल्याचे दिसत नाही, नियमाचा भंग झाला आहे, प्रकरण रोजगार कार्यालयाकडे पाठवावे आणि नाव असलेल्या मुलींनाच कामावर ठेवण्याची समज द्यावी. ठाणेदार साहेबांनी तो दोनदा वाचला. “म्हणजे गुन्हा काय? नणंदेच्या जागी भावजय बसली? बातमीदाराला हे सांगू मी?” मग कागद माझ्याकडे सरकवला. “सही तुमची. वरून विचारणा आली तर उत्तरही तुमचे.” मी सही केली.

या प्रकरणाने काय शिकवले असे मला विचारतात. फिर्यादीला काय हवे आहे, ते कलम शोधण्याआधी विचारावे, हे एक. दुसरे असे की सरकारने माणसाचा पगार भरला की त्या माणसाकडे बघायचे कुणाचेच काम राहत नाही. मालक म्हणतो पगार सरकारचा, सरकार म्हणते माणूस मालकाचा, घर म्हणते पैसा आमचा. मधल्या मुलीला काय शिकायचे होते, हे फक्त तिलाच माहीत असते. आणि तिसरे मी आधीच सांगायला हवे होते. अहवालावर सही झाली म्हणजे प्रकरण संपत नाही.

कारण चार दिवसांनी समज द्यायला आम्ही कारखान्यावर गेलो, तेव्हा ती मुलगी डबा घेऊन दारात उभी होती आणि वहिनी पंख्याखालीच होती.

“उठ, वैनी.”

“नाही उठत. तुह्या भावाले पुस जाय. लेकराले घेऊन वावरात जाऊ का मी?”

“लेकरू मी आनलं का?”

“नोकरी तं तूच आनली. आता भोग!”

दोघी एका दमात ओरडू लागल्या, बाळ उठले, तेही ओरडू लागले. मावशी मध्ये पडली. तिला दोघींनी मिळून झापले. जमादार माझ्या कानाशी आले, “मॅडम, हे दखलपात्र हाय का अदखलपात्र?” मशिनी थांबल्या होत्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

कोपऱ्यात कापडाच्या ढिगाखाली एक मशीन दिसत होते. मी पहिल्या दिवशीच ते पाहिले होते. मी त्याच्याकडे बोट केले.

“हाय ना, मॅडम,” चाचा म्हणाले. “पट्टा टाकला का चालते. शाळा उघडतपर्यंत काम बी हाय. पन तिच्यावर वैनीले बसवलं तं तिचा पगार कोन देईन? सरकारनं इतक्याच पोरी देल्ल्या.”

त्यांना खरोखर प्रश्न पडला होता. आयुष्यभर धंदा केलेला माणूस, समोर काम पडलेले, मशीन पडलेले, काम शिकलेली बाई समोर बसलेली, आणि तो माझ्याकडे, म्हणजे सरकारकडे, बघत होता. हे सांगायचा कायद्याने मला काडीचा अधिकार नव्हता. पण दोन महिन्यांत गिळलेले सगळे शब्द एकदम वर आले, आणि शुद्ध मराठीत आले नाहीत.

“तुमी द्या ना, चाचा! काहून नाही देनार?”