पिराजीचा कान

मंगळवार पेठेतला पिराजी गवंडी म्हणजे कानाचा माणूस. बंगल्यातल्या स्विमिंग टँकचा गिलावा जुना झाला, की शिरोलीचे फौंड्रीवाले काय नि शाहूपुरीचे व्यापारी काय, आधी त्यालाच बोलावत. नवा थर चढवण्याआधी जुना गिलावा हातोडीनं वाजवून बघावा लागतो. घट्ट असेल तिथं खणखणीत वाजतो, भिंतीपासून सुटला असेल तिथं बद्द. बद्द वाजेल तिथं पिराजी विटकरीच्या तुकड्यानं फुली मारायचा, आणि त्याचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार गौस तेवढा भाग खरवडून काढायचा. तसाच ठेवून वर नवा चढवला, तर वर्षाच्या आत दोन्ही थर मिळून खाली येतात. पिराजी भिंत वाजवायला लागला की बघणारे गप्प राहायचे. त्याला ते आवडायचं, आणि आवडत नाही असं दाखवायलाही आवडायचं.

पण जुने थर फोडायच्या ब्रेकर मशीननं हळूहळू त्याचा कान खाल्ला. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. कोल्हापुरात सगळेच चढ्या आवाजात बोलतात, त्यामुळं झाकूनही गेलं. गवंड्याचे गुडघे गेले तर लोक हळहळतात. पिराजीचा कान गेला म्हटल्यावर त्याला बोलावणार कोण?

विजयसिंहांच्या बंगल्यातला टँक त्यानं मागच्या हिवाळ्यात केला होता. गेल्या आठवड्यात खोल बाजूचा परातीएवढा गिलावा सुटला आणि त्याच्या धारदार कडेवर त्यांच्या मुलीचा, प्रियदर्शनीचा, तळपाय चिरला. सात टाके पडले. पिराजीनं पाण्यात टाकायच्या औषधाला दोष दिला. विजयसिंह हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी वाद घातला नाही, टँक रिकामा करून घेतला आणि पुन्हा नीट करा म्हणाले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर पिराजीला बरं वाटलं असतं.

आज तो सकाळपासून वाजवत होता. मागून गौस घमेलं घेऊन येत होता. खोल बाजूच्या भिंतीवर पिराजीनं दोनच फुल्या मारल्या आणि बाकी घट्ट आहे म्हणत वळला. भिंतीवर आठ फुल्या होत्या. नववी मारायला गौसचा हात वर गेलेला.

त्यानं हात लपवला नाही. "तीन वर्षं झाली, तुझ्या मागनं मी वाजवून बघतोय," तो म्हणाला. "तुझ्याकडनं सुटलेल्या फुल्या मीच मारतोय. गेल्या साली हितं मी न्हवतो. लेकीच्या, रुबीनाच्या बाळंतपणाला मिरजंला गेलतो."

पिराजीचं डोकं भडकलं. तो नाही नाही ते बोलला. हे उपकार तुला मागितले कुणी, इथपर्यंत गेला. गौसनं सगळं ऐकून घेतलं.

"माझीबी चूक हाय की," तो म्हणाला. "मी तुझी अब्रू झाकत बसलो, आन् पाय त्या पोरीचा कापला."

औषधाला दोष देताना आपण किती ठासून बोललो होतो ते आठवून पिराजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात विजयसिंह काठावर आले आणि वाकून त्यांनी काहीतरी विचारलं. पिराजीला शब्द कळले नाहीत. पण त्याच्या वतीनं उत्तर द्यायला गौसनं तोंड उघडलेलं त्याला दिसलं. त्यानं गौसचा दंड धरला.

"मालक, मला नीट ऐकू येत न्हाय," तो म्हणाला. "गेल्या साली ही भिंत बद्द वाजत हुती, ते मला कळलं न्हाय. औषधाचं मी खोटं बोललो. पोरीचा पाय माझ्यामुळं कापला."

विजयसिंह बंगल्याकडं बघत काहीतरी बोलले. पिराजीनं गौसकडं पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, काय म्हणाले?

गौस त्याच्या कानाशी वाकला. "मला न्हाय, तिला सांगा म्हणाले. आत बसलीया ती."

पिराजीनं कपड्यांवरची धूळ झटकली आणि शिडीला हात लावला. आठ फूट चढायला त्याला फार वेळ लागला.